तात्यांचं कोरं लायसन

माझे थोरले दीर, तात्या, महिन्यातून एकदा आष्ट्याहून साताऱ्याला यायचे, मिलिटरी कॅन्टीनचं सामान भरायला. दारात आले की पाणी नंतर, चपला नंतर. आधी उजवा हात पुढं. "किल्ली." त्याला 'दे' सुद्धा जोडलेलं नसायचं. गाडी माझी, कागदावर नाव माझं, रोज सकाळी तिच्या काचा पुसणारी मी, आणि किल्ली मात्र मुकाट्यानं त्या तळहातावर ठेवायची. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणत असतील.

तात्या लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन ऊस लावला, पण चालणं, बोलणं, जेवणं सगळं अजून परेडवरचंच. शर्टाच्या खिशात लायसन असायचं आणि कुणीही भेटलं की ते बाहेर यायचं. "चाळीस वरसं झाली. एक डाग दावा." जानेवारीत गावातली शाळा त्यांना वाहतुकीच्या नियमांवर भाषण द्यायला बोलवायची, तेव्हा पदकं लावलेला कोट चढवायचे. पोरं बिचारी उन्हात बसून ऐकायची.

ती गाडी घरची. पोटासाठी मी शाळेची व्हॅन चालवते. माझ्या नवऱ्याचा एमआयडीसीतला पगार पुरेना तेव्हा शिकले, रीतसर परवाना काढला. तात्यांना ते कधी पचलं नाही. चारचौघांत म्हणायचे, "बाई गाडी चालवती न्हाई गड्या, गाडी बाईला न्हेती." सगळे हसायचे. नवरा ताटात बघायचा. सासरे लवकर वारले, याला तात्यांनीच शिकवला, म्हणून त्यांच्यापुढं याच्या तोंडातून शब्द फुटत नसे.

खोटं कशाला बोलू, हातात कसब होतं. एकदा माझी व्हॅन पोवई नाक्याच्या चढाला बंद पडली, आत पोरांचा कल्ला चाललेला. तात्या योगायोगानं तिथंच होते. भर रस्त्यात व्हॅनखाली उताणे शिरले आणि ती चालू करून बाहेर आले. मी हात जोडले. तर हात पुसत पोरांना म्हणतात कसे, "बसा घट्ट धरून. आता बाईची पाळी हाय." जीव ओवाळून टाकावा असं वाटायच्या आत थोबाडीत मारावी असं वाटायला लावणारा माणूस.

तात्या जायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तात्या माझी गाडी घेऊन आष्ट्याला निघाले आणि थोड्या दिवसांनी माझ्या फोनवर चलन आलं. नागठाण्याच्या अलीकडं ताशी एकशे अडतीस, वर डाव्या बाजूनं टँकरला मागं टाकलेलं. हा नुसता दंड भरून सुटायचा मामला नव्हता. धोकादायक चालवणं म्हणून कोर्टात हजर राहा, असं होतं. फोटो मागून काढलेला. नंबर स्पष्ट, माणूस दिसत नाही.

मी फोन केला, तर गडी वरमायचा सोडून रंगात आला. "अगं, एक पोरगी हॉर्न मारून फुडं गेली. म्या म्हनलं, थांब, तुला दावतो." कुणाची पोरगी, कुठं चालली होती, देव जाणे. तिला दाखवायला माझी गाडी घेतली होती.

दुसऱ्याच दिवशी साताऱ्यात हजर. या वेळी किल्ली मागितली नाही, खुर्ची ओढून बसले. "कोर्टात सांग, तूच चालवत हुतीस. ब्रेकच्या जागी पाय दुसरीकडं पडला म्हनायचं. बाईमाणूस, त्यात पैलीच येळ. सायेब दोन शब्द बोलत्यात आन् सोडत्यात."

"आन् लायसन गेलं तर? माझी व्हॅन हाय, तात्या. शाळेनं बजावून ठेवलंय, लायसनवर काय आलं तर उद्यापासून येऊ नका."

"तुजं लायसन कोवळं हाय. एक डाग पडला तर भरून निघंल. माजं चाळीस वरसाचं हाय. गावात तोंड कसं दावू?"

"तुमचीबी पैलीच येळ हाय की! तुमालाबी सोडतील."

"लय शानी झालीस," एवढं बोलून उठले. मी नवऱ्याकडं बघितलं. तो पंख्याकडं बघत होता. असला संताप आला मला! जन्मभर ज्या माणसानं मला स्टेअरिंग धरता येत नाही म्हणून हिणवलं, तोच आता ही गाडी तूच चालवलीस म्हणून गळ्यात घालत होता.

कोर्टाच्या दिवशी तात्या कोट घालून आले, पदकांसकट. सातारा गाव कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच असेल, घरटी एक फौजी. दारावरचा शिपाई स्वतः माजी सैनिक, त्यानं कडक सलाम ठोकला आणि बाकावर जागा करून दिली. मी आणि नवरा भिंतीला टेकून उभे.

माझं नाव पुकारल्यावर मी पुढं झाले, नवराही मागोमाग आला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गाडी तुम्ही चालवत होता?"

"न्हाई, सायेब."

"मग कोण?"

मी वळून तात्यांकडं बघितलं. ते ताठ बसून समोरच्या भिंतीकडं बघत होते, जणू मी कुणाची कोण. एक क्षण थांबले मी, स्वतःहून उठतील म्हणून. छे! मग तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. "मी, सायेब. मी चालवत हुतो. पैलीच येळ हाय, चूक झाली."

नवरा! न्यायाधीशांनी त्याला खडसावलं, पहिलाच गुन्हा म्हणून दंडावर भागवलं आणि लायसन तीन महिने बंद करायला सांगितलं. तात्या बाकावरून हलले नाहीत.

बाहेर चहाच्या गाड्यावर मला म्हणाले, "बगितलंस? ह्येला रगत म्हनत्यात."

"रगत त्येचं, तात्या. तुमचं कुठं दिसलं न्हाई," मी म्हणाले. "ह्याउप्पर माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई." चहावाला सुद्धा थबकला. तात्या पिशवी उचलून स्टँडकडं चालू लागले आणि माझा नवरा त्यांची पिशवी धरायला मागून पळाला. मी तिथंच, हातात दोन कप घेऊन. माझी व्हॅन वाचली होती, पण माझ्या नवऱ्यानं माझ्यादेखत भाऊ निवडला होता. त्यानंतर घरात मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

गेल्या थंडीत तात्या उसाच्या बांधावर बसल्या जागी गेले. आम्ही तेराव्यापर्यंत आष्ट्यात राहिलो. मी पंगतीचा स्वयंपाक केला, भांडी घासली, आल्यागेल्याला पाणी दिलं. डोळ्यांत टिपूस आलं नाही. बायका कुजबुजल्या, काय दगड आहे बाई. परतताना गाडी मी चालवत होते. पेठ नाका ओलांडला आणि मला राहवेना.

"आता तरी सांगा. त्या दिवशी भावासाठी खोटं का बोललासा?"

"भावासाठी?" तो माझ्याकडं बघतच राहिला. "अगं, तू त्यांचं नाव घेणार हुतीस. मी ल्हानपणापास्नं बघतोय त्यास्नी. उठून सरळ म्हनले असते, ही खोटं बोलतीया. सायबानं कुणाचं ऐकलं असतं, तुजं का त्या कोटाचं? तुजं लायसन गेलं असतं. म्हनून बोललो."

"आन् हे दोन वरसं पोटात ठेवलंसा? मी तुमच्याकडं पाठ करून झोपले दोन वरसं!"

"तात्या जित्तं हुतं, गं. मोठ्या भावाला खोटारडा म्हनू? तेबी तुज्यापुढं?"

मी गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. नवऱ्यानं पाठीवर हात ठेवला.

"त्या माणसासाठी रडत न्हाई मी," मी म्हणाले.

"ठावं हाय," तो म्हणाला.