दिलं की घेतलं

त्या शाळेची मला आठवणारी पहिली गोष्ट म्हणजे छडीचा आवाज. दिवाळीची सुट्टी संपून दुसरी सहामाही सुरू झाल्याचा दुसरा दिवस होता. मी वडिलांचं बोट धरून मिशनच्या आवारात शिरले, तर प्रार्थनेसाठी सगळ्या मुली रांगेत उभ्या होत्या आणि पुढे पायरीवर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोन मुलींच्या हातांवर छड्या मारत होत्या. त्या दोघी सुट्टीहून एक दिवस उशिरा आल्या होत्या, एवढंच कारण. मारून झाल्यावर बाईंनी छडी काखेत धरली, डोळे मिटले आणि अगदी मऊ आवाजात प्रार्थना सुरू केली. वडील खाली वाकून माझ्या कानात म्हणाले, "शिस्त चांगली दिसतेय."

वडील कोर्टात कारकून होते. गुहागरहून रत्नागिरीला त्यांची बदली ऐन दिवाळीच्या तोंडावर झाली. वर्षाच्या मध्यावर मला घ्यायला दुसरी शाळा तयार नव्हती, मिशनची होती. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. शेवटी तिनं एक तोड काढली. पाणी घरचं न्यायचं, डबा घरचा न्यायचा, आणि घरी आल्यावर मागल्या दारीच कपडे बदलून, हातपाय धुऊन मग आत यायचं. पाण्यासाठी तिनं मला पितळेचा फिरकीचा तांब्या दिला. भरलेला तांब्या इतका जड होई की शाळेत पोहोचेपर्यंत बोटं वळून जात.

शाळेत दोन तऱ्हेच्या मुली होत्या. आम्ही गावातल्या, घरून येणाऱ्या, आणि त्या बोर्डिंगातल्या, आवारातच राहणाऱ्या. बोर्डिंगातल्या बहुतेक ख्रिस्ती, कुणी पोरक्या, कुणाचे आईबाप लांबच्या खेड्यांत. त्या पहाटे उठून विहिरीचा रहाट ओढत, तांदूळ निवडत, वर्ग झाडत आणि मग आमच्याबरोबर धडे म्हणायला बसत. गावातल्या मुली उजव्या हाताच्या बाकांवर बसायच्या, बोर्डिंगातल्या डाव्या. असा नियम कुणी केलेला नव्हता. मी मागाहून आलेली, म्हणून मला जागा उरली ती डावीकडे, शेवटच्या बाकावर.

माझ्या शेजारी जी मुलगी होती ती वर्गात सगळ्यांत मोठी, चौदा वर्षांची. शाळेत उशिरा घातलेली. हाताला रहाटाच्या दोराचे घट्टे. पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "गणित येतं काय गो तुला?" मी हो म्हटलं. "मग बरं," म्हणाली आणि सरकून मला खिडकीची बाजू दिली. तिला व्यवहारी अपूर्णांक समजत नसत, मला ते येत. मी वहीत करून दाखवायची, ती ओठ हलवत बघायची. आठवडाभरात मला ती आवडायला लागली होती. गुहागरच्या मैत्रिणी सुटल्यापासून माझ्याशी नीट बोललेली ती पहिलीच.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी ती दुपारी वर्गात आली ती अंग तापलेलं, ओठ सुकलेले. सकाळपासून दुसऱ्या आजारी मुलीच्या वाटचा रहाटही तिनंच ओढला होता. "घसा नुसता पेटलाय," ती म्हणाली. माझा तांब्या बाकाखाली होता. मी फिरकी काढली आणि तिच्या हातात दिला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वरून न ओतता सरळ तोंड लावून प्याली. घट घट, डोळे मिटून. मला बरं वाटलं. मी काही मोठं केलं असं तेव्हा मनातही आलं नाही.

उजव्या बाजूच्या एका मुलीनं ते पाहिलं. तिची आई आणि माझी आई एकाच देवळात जात.

संध्याकाळी मी मागल्या दारी आले तर आई तिथेच उभी होती. हातात निगडीची ओली फोक. काही विचारण्याआधीच पहिला फटका पोटऱ्यांवर बसला. मी ओरडले तर दुसरा पाठीवर. निगडीची फोक मारताना वाकते आणि अंगाला वेढा घालून पुढच्या बाजूलाही वळ उठवते. आई एरवी मारकुटी नव्हती. म्हणून तर मला कळेना काय झालं. तिनं माझ्या हातातून तांब्या ओढला, चुलीत निखाऱ्यांवर आडवा टाकला आणि परत आली.

"खरं सांग. तिला तू दिलास तांब्या, की तिनं घेतलान?"

मी म्हटलं, "दिला."

त्यावर जे मारलं ते मारलंच. गुडघ्यांवर, हातांवर, हात मध्ये घातले तर बोटांवर. फोक मोडली तेव्हा तिनं चुलीजवळचं लाकूड उचललं. मी न्हाणीच्या भिंतीशी अंग चोरून बसले होते. लाकूड वर गेलेलं मला दिसलं आणि आई पुन्हा म्हणाली, "दिलास की घेतलान?"

"घेतलान," मी म्हटलं. "ओढून घेतलान तिनं."

लाकूड खाली आलं. आईनं ते चुलीत सारलं. मग मला जवळ ओढून वळांवर खोबरेल तेल लावायला बसली आणि रडू लागली. "अगं, मग आधीच का नाही बोललीस?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. वडील आले, तिनं त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "मी चिठ्ठी देतो बाईंना." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी मी स्वतः नेली. काळवंडलेला तांब्या चिंचेनं लख्ख घासून आईनं पुन्हा माझ्या हातात दिला होता. मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि मला वर्गात जायला सांगितलं. मला वाटलं, सुटले.

मधल्या सुट्टीत माझी शेजारीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ताप उतरला नव्हता, चेहरा लाल होता. तिला कुणीतरी चिठ्ठीचं सांगितलं होतं.

"मी ओढला तुजा तांब्या?"

मी तिच्या पायांकडे पाहिलं.

"माज्या डोळ्यांत बघून सांग. मी ओढला?"

आजूबाजूला मुली जमल्या होत्या. उजवीकडच्या आणि डावीकडच्याही. तिनं माझं मनगट धरलं. नेमकं जिथे फोकेचा वळ होता तिथे. कळ मस्तकात गेली. "खोटारडी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. वाईट वाटल्यासारखं म्हणाली, आणि तेच मला सोसलं नाही.

माझ्या दुसऱ्या हातात तांब्या होता, भरलेला. मी तो फिरवला आणि तिच्या तोंडावर मारला.

आवाज अजून ऐकू येतो. पितळेचा दातावर आपटल्याचा बारीक आवाज. ती मागे गेली नाही, तशीच उभी राहिली, म्हणून मी पुन्हा मारला. दुसरा घाव भुवईवर बसला. कातडं उकललं आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिसऱ्यांदा हात वर गेला होता. कुणीतरी मला मागून मिठी मारून धरलं नसतं तर मी थांबले नसते. हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हासुद्धा मला ते कळलं होतं. त्या क्षणी मला भीती नव्हती, दुःख नव्हतं. कालपासून अंगात साठलेलं काहीतरी बाहेर पडत होतं आणि ते बाहेर पडताना गोड लागत होतं.

तिनं तोंडापुढे ओंजळ धरली. ओंजळीत रक्त आणि पुढच्या दाताचा अर्धा तुकडा.

मोठ्या बाईंनी आम्हां दोघींना ऑफिसात नेलं. त्यांनी तिच्या भुवईवर फडकं दाबून धरायला सांगितलं आणि मला विचारलं, "तांब्या हिनं ओढून घेतला होता?"

"हो," मी म्हटलं.

"आणि आज पुन्हा अंगावर आली?"

"हो."

त्यांनी तिला काहीही विचारलं नाही. आज मला वाटतं, त्यांना खरं काय ते ठाऊक होतं. आदल्याच वर्षी अशाच कशावरून तरी गावातल्या पंधरावीस मुली शाळेतून निघून गेल्या होत्या, हे मला पुढे समजलं. त्यांनी छडी घेतली. "हात पुढे कर," त्या तिला म्हणाल्या. तिनं एका हातानं फडकं धरलं होतं, दुसरा पुढे केला. चार. मग हात बदलायला सांगितला. फडकं खाली पडलं, तिनं उचललं, दुसऱ्या हातात धरलं, आणि पहिला मारलेला हात भुवईशी नेला. आणखी चार. ती रडली नाही. बाईच मध्ये एकदा थांबल्या आणि भिंतीकडे वळल्या. मग पुन्हा मारलं.

मी तीन हातांवर उभी होते. मला तोंड उघडता आलं असतं.

तिनंही मला उघडं पाडलं नाही. बाक तोच राहिला, कारण दुसरी जागाच नव्हती. ती आता काठाला बसायची, मधे एका मुलीची जागा सोडून. अपूर्णांक चुकले की खोडायची आणि तसेच ठेवायची. उजवीकडच्या मुली मला आपल्यात घ्यायला लागल्या होत्या, चिंचा द्यायच्या. मी त्या खायची.

महिनाभरानं, एका शनिवारी, शाळा अर्धा दिवस होती. आमच्या घराकडे वरच्या कातळाच्या सड्यावरून जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरते. मी एकटीच उतरत होते. ती खालून वर येत होती, डोक्यावर वाळक्या गवताचा भारा. मला पाहून तिनं भारा शांतपणे बाजूच्या दगडी गडग्यावर टेकला.

"दप्तर ठेव खाली," ती म्हणाली.

मी ठेवलं.

तिनं मला मारलं. आधी थोबाडीत, दोन्ही बाजूंनी, उघड्या पंज्यानं. रहाट ओढणारे हात होते ते. मग केस धरून खाली वाकवलं आणि पाठीत गुद्दे घातले. मी पायरीवर पडले, कोपर चिऱ्यावर सोललं. तिनं उठवलं आणि पुन्हा मारलं. ती मारताना बोलत होती. शिव्या नव्हत्या. "बोल. दिलास की घेतला? बोल." जवळजवळ आईच्याच शब्दांत. तिला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं.

"दिला," मी म्हटलं. "मी दिला, मी दिला."

ती थांबली. तिला दम लागला होता. तुटक्या दातातून श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिनं खोचलेल्या ओढणीचा शेव काढून माझ्या नाकाचं रक्त पुसलं, तेही जोरातच, नाक मुरगळल्यासारखं. मग भारा डोक्यावर घेतला आणि वर निघून गेली.

घरी मी पाखाडीवर पडल्याचं सांगितलं. पण गालावर पाच बोटं उठली होती. आईनं ती पाहिली आणि वडिलांना हाक मारली. "अहो, आत्ताच्या आत्ता चला त्या बाईकडे. त्या पोरीला शाळेतून हाकलून द्या म्हणावं."

मी दारात आडवी उभी राहिले. "मी दिला होता तांब्या," मी म्हटलं. "तिनं घेतला नव्हता. तू मारत होतीस म्हणून मी खोटं बोलले."

आईचा हात वर गेला. मी तो धरला. अकरा वर्षांच्या मुलीनं धरला म्हणून अडेल असा तो हात नव्हता, तिनं झटकला आणि मला मारलंच. पण एकदाच. मग ती स्वैपाकघरात गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. वडील ओटीवर बसले आणि म्हणाले, "सोमवारी बाईंना सांगशील?" मी म्हटलं, "तुम्ही चिठ्ठी द्या." ते म्हणाले, "नाही. चिठ्ठी पुरे झाली. तू बोल."

सोमवारी मी बोलले. मोठ्या बाई ऐकत राहिल्या. मग मला वर्गात घेऊन गेल्या, सगळ्यांसमोर उभं केलं आणि आठ छड्या मारल्या. चार आणि चार. मी पाचव्याला रडले. त्यांनी वर्गाला सांगितलं की ही मुलगी खोटं बोलली होती. आपणही चुकलो होतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी जागेवर गेले तेव्हा माझी शेजारीण खिडकीबाहेर पाहत होती. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. तिनं फक्त सरकून मधली जागा भरली आणि गणिताची वही माझ्यापुढे ढकलली. माझ्या बोटांत पेन्सिल धरवत नव्हती. मी तोंडानं सांगितलं, तिनं लिहिलं.

गावातल्या मुलींनी चिंचा द्यायचं बंद केलं. आईनं तांब्या देणं बंद केलं. पाणी कुठलं पितेस, हे तिनं पुढे कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आम्ही मैत्रिणी झालो असं म्हणता येणार नाही. ती माझ्यापुढे मोकळेपणानं हसली नाही, हसताना हात तोंडापुढे धरायची. सातवीची परीक्षा देऊन, दोन वर्षांनी, ती मिरजेला नर्सचं काम शिकायला गेली. एसटी स्टँडवर मी तिला भेटायला गेले होते. बोर्डिंगातल्या मुली तिच्याभोवती भजन म्हणत होत्या. मी विचारलं, "तोंडाला लागलेलं दुखतं का गो अजून?"

"गार पाणी प्यालं की दुखतं," ती म्हणाली आणि ट्रंक टपावर चढवायला वळली.

मी पुढे शिक्षिका झाले. मुलींवर कधी हात उचलला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पहिल्याच वर्षी एका मुलीला खोटं बोलते म्हणून मी थोबाडीत दिली. ती खाली बसली. तिच्या वर्गानं ज्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला ओळखीचे होते. मी तिला उठवलं, सगळ्या वर्गासमोर तिची क्षमा मागितली आणि मग विचारलं की खरं काय झालं होतं. ती सांगेना. तिनं ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.