डाक आवृत्तीतलं सोलापूर

सय्यदसरांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मॅडम, तुमचं ऑफिस हलतंय म्हणे. फायली रद्दीत जायच्या आत माझी विहिरीची बातमी शोधाल का? पुण्याच्या अंकातली हवी. सोलापूरचा अंक आहे माझ्याकडे."

सय्यदसर म्हणजे आमच्या इंग्रजी दैनिकाचे सोलापूरचे बातमीदार. मी पुण्याच्या डेस्कवर उपसंपादक होते. अकरा वर्षं जवळजवळ रोज फोनवर बोललो, पण एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. मी जुन्या ऑफिसात गेले, दोन दिवस जुन्या अंकांच्या फायली चाळल्या. बातमी नव्हती. ती नसणार हे मला फाइल उघडायच्या आधीच ठाऊक होतं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून एसटीचं तिकीट काढलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. स्वारगेटहून सकाळची गाडी धरा. अडीचशे किलोमीटरचा रस्ता आता छान आहे, पाच-सहा तासांत पोचता. गाडी टेंभुर्णीला थांबली तर चहा तिथेच घ्या, पुढे चांगला मिळेलच असं नाही. आणि जायचं तर फेब्रुवारीच्या आत जा, मार्चनंतर सोलापूरचं ऊन कुणाची गय करत नाही.

याच रस्त्यानं आमचा पेपर रोज रात्री सोलापूरला जायचा. लांबच्या गावांचे गठ्ठे आधी निघतात, म्हणून त्यांची आवृत्ती संध्याकाळीच छापून मोकळी करायची. तिला डाक म्हणतात. डाक गेली की पुण्यासाठी पानं नव्यानं लावायची, आणि लावताना पहिली काढून टाकायची ती सोलापूर, सांगली, लातूरची बातमी. त्यावर लाल पेन्सिलीनं 'फक्त डाक' लिहायचं. म्हणजे सोलापूरचं दुखणं सोलापूरकरांनीच इंग्रजीत वाचायचं. मुख्य अंकात ते दिसायचंच नाही. आणि ज्या पेपराला आम्ही मोठ्या तोऱ्यात प्रादेशिक म्हणायचो, तो असा चालायचा.

सरांना डाक म्हणजे काय हे माहीत होतं. पण मोठी बातमी शहराच्या अंकातही राहते, असा कागदावर नियम होता, आणि तो पाळला जातो असं ते धरून चालायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की मी म्हणायचे, "सर, मस्त लागलीय, पहिल्या पानावर." खोटं नव्हतं. डाकला लागलेलीच असायची.

दीड वाजता सोलापुरात उतरले. स्टँडजवळच्या एका साध्या खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही घातलं. दीडशे रुपयांच्या आत पोट भरलं. चव उत्तम असणार, मला काही ती लागली नाही. रिक्षानं विजापूर वेशीत गेले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुनाकडं जायचं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "पेपरवाले सय्यद की? लई नाव होतं त्यांचं. कलेक्टर बी वचकून ऱ्हायचा."

नाव होतं, यात शंका नाही. सोलापुरात आमचा पेपर कलेक्टर कचेरीत, दोन-चार कॉलेजांत आणि डॉक्टरांच्या टेबलांवर असायचा, बाकी फारसा कुठे नाही. पण सगळ्यांची खात्री अशी की मराठीत छापलेलं गावात राहतं आणि इंग्रजीत छापलेलं मंत्रालयात पोचतं. त्या खात्रीवर लोक सरांचं दार वाजवायचे. आम्ही डेस्कवर तिच्यावरच पगार घेतला.

दार सरांनीच उघडलं. आवाजावरून मी उंच माणूस धरला होता, निघाले बारके, पांढऱ्या दाढीचे. आत वळून म्हणाले, "सुनती हो, पुने की मॅडम आयी." टेबलावर एकच वर्तमानपत्र, प्लास्टिकमध्ये घातलेलं. पूर्व भागातल्या विणकरांच्या एका गल्लीची बातमी. शेजारच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी त्यांच्या विहिरीत उतरत होतं, बादली लाल यायची, लेकरांच्या अंगावर चट्टे उठायचे.

"हे छापून आलं त्या दिवशी गल्ली झाडून काढली लोकांनी," सर म्हणाले. "विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या भरून ओट्यावर मांडल्या. इंग्रजीत आलंय, आता वरून साहेब येणार म्हणून. महिनाभर बाटल्या तशाच होत्या. कोणी आलं नाही. मग गल्लीत बोललं गेलं की मी कारखानदाराशी मिटवून घेतलं, नावापुरतं छापलं. त्यांच्या ओट्यावर तेव्हापासून मी बसलो नाही. पुण्याचा अंक दाखवला तर कळेल की वरपर्यंत गेलं होतं, वरच्यांनीच हात झटकले. मिळाला?"

"नाही मिळाला, सर. त्यात ती नाहीच. मी काढली होती."

त्यांनी चष्मा काढला. "कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. तशी पद्धत होती."

"आणि फोनवर मला..."

"हो."

इतकी वर्षं हे वाक्य मी मनात कितीदा तरी घोळवलं होतं, पण त्यांच्यासमोर ते अगदी किरकोळ वाटलं आणि मला माझीच किळस आली. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी टोपी घातली, चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चला. हे मला नको, त्यांना सांगा."

गल्ली रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. कारखाना कधीच बंद पडलाय, विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि तिचं पाणी अजून कुणी पीत नाही. अंबक्का ओट्यावर बसून टॉवेलांच्या कडेच्या दशा कापत होत्या. बाटल्या मांडणाऱ्या त्याच. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि कात्री चालू ठेवली.

मी उभ्यानंच सांगितलं. पेपर दोन प्रकारचे निघायचे, तुमची बातमी फक्त सोलापूरच्या गठ्ठ्यात गेली, पुण्याच्या अंकातून मी ती काढली, सरांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"म्हंजे पुन्याला गेलंच न्हाय?" अंबक्का म्हणाल्या.

"नाही."

"मंग साहेबाला कळनार कसं?"

"नाही कळलं."

"आन् आमी ह्यांच्याशी बोलनं टाकलं." कात्री खाली आली. "का काडलं, बाई?"

"दुसरं छापायचं होतं."

त्यांनी उठून सतरंजी झटकली, अंथरली आणि सरांना म्हणाल्या, "कूर्चोंडि सर, बसा." मग आत तेलुगूत काहीतरी सांगितलं. थोड्या वेळानं सून चहा घेऊन आली. कप दोन होते, एक सरांचा, एक अंबक्कांचा. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कप उचलला. मी शेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिले. ते दोघं त्या लेकरांविषयी बोलत होते, कोण कुठे आहे, कुणाचं लग्न झालं. एकाविषयी अंबक्का नुसतं "गेला" म्हणाल्या, ते मी ऐकलं.

परतीची गाडी साडेपाचची मिळते, गर्दी नसते. स्टँडबाहेर पाव किलो शेंगाचटणी घेतली. घरच्यांनी विचारलं, चादर नाही आणली? म्हटलं, राहिलं.

डाक आवृत्ती केव्हाच बंद झाली. मग सोलापूरचं ऑफिस गेलं, आता पुण्याचंही आक्रसलंय. जुने सहकारी पेपराच्या थोर परंपरेवर हळहळतात, मला तेवढी हळहळ वाटत नाही. फायली चाळताना त्या दिवशीच्या पुणे अंकाच्या पानाचा मी मोबाइलवर फोटो काढला होता. तो सरांना दाखवायचं धैर्य झालं नाही. सोलापूर काढून त्या जागी मी कॅम्पातला डॉग शो लावला होता, तीन कॉलमी फोटोसकट. फोटोखालची ओळ माझीच आहे. कुत्र्याचं नाव बरोबर गेलं पाहिजे म्हणून मी त्याच्या मालकाला दोनदा फोन केला होता.