खाली कोण राहिलं

मुलाखतीत मला विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हणालो, "कोळशाच्या खाणीत आहेत." एवढ्यावरच पुण्यातल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत मला परदेशातल्या एका खाणीसाठी हजेरीचा प्रोग्रॅम लिहायचं काम मिळालं. याला खाण ठाऊक असणार, असं साहेब धरून चालले. मी नाही म्हणालो नाही. घरातला पहिला पदवीधर होतो, मिळालेल्या नोकरीचे उपकारच वाटत होते. खरं म्हणजे मी एकदाही खाणीत उतरलो नव्हतो. बाबांनी उतरू दिलं नव्हतं.

सहा महिने मी तो प्रोग्रॅम लिहीत होतो. सदाशिव पेठेतल्या खोलीवर येईपर्यंत मान आणि डोळे इतके दुखायचे, की डबा उघडायचाही कंटाळा यायचा. काम पूर्ण करून द्यायला आठवडा उरला होता आणि माझं कायम होणं त्यावरच अवलंबून होतं. तेव्हा एका रविवारी बाबा मोतीबिंदू दाखवायला चंद्रपूरहून आले.

बाबा शाफ्टच्या तोंडाशी घंटीवर होते. शाफ्ट म्हणजे जमिनीतून सरळ खाली गेलेली गोल विहीर. तिच्यातून पिंजरा माणसांना खाली-वर नेतो, आणि बाबांनी घंटी दिल्याशिवाय तो हलत नाही. तरुणपणी त्यांनी ती विहीर खोदलीही होती. सुरुंग लावायचा, फुटलेला दगड बादलीने वर ओढायचा, थोडं खाली गेलं की कडेने विटांचं अस्तर बांधायचं आणि पुन्हा सुरुंग. हे मला त्या रविवारी कळलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

मी त्यांना माझ्या प्रोग्रॅमचे कागद समजावून सांगितले. पिंजऱ्यात शिरताना माणूस कार्ड दाखवतो, प्रोग्रॅम त्याला 'खाली' धरतो. वर आला की पुन्हा कार्ड. तो विसरला, तर शिफ्ट संपल्यावर तासाभराने प्रोग्रॅम त्याला आपोआप 'वर' धरतो.

"आपोआप?" बाबा म्हणाले. "शिफ्ट सरली म्हणजे मानूस वर आला, हे तुले कोनं सांगतलं?"

"ऑफिसात असंच करतात, बाबा. लोक कार्ड विसरतात."

"हापिसातून मानूस घरी जाते. खानीतलं पानी काढाचा पंप बिघडला तर पंपवाला खालीच बसते ना, बाबू. आमच्या बत्तीघरात हरेकाचा बिल्ला असते. खाली जाताना तिथून दिवा नेला की बिल्ला खिळ्याले लटकवाचा, दिवा परत आला की काढाचा. एक बिल्ला जरी लटकून असला, तरी मी घरी नाही जात. तुह्या मायले विचार, किती डाव जेवन थंड झालं."

सोमवारी साहेबांना सांगितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अरे वा! म्हणजे आपण खाणीतले जाणकार, असा आमचा उगाचच समज होता."

"मी कधी उतरलोच नाही, सर. आधीच सांगायला हवं होतं."

"मग ही चूक कळली कोणाला?"

"वडिलांना."

"मुलाखतीला त्यांनाच बोलवायला हवं होतं."

काम तीन आठवडे लांबलं, माझं कायम होणं सहा महिने. 'आपोआप'चा तो सगळा भाग मी काढून टाकला. आता वर न आलेल्यांची यादी पडद्यावर लाल अक्षरांत राहते, आणि कोणीतरी स्वतः खात्री केल्याशिवाय तिच्यातलं एकही नाव जात नाही. पहिल्या चाचणीत आठ नावं उरली. सगळी खोटी, मीच भरलेली. पण एकेकाची नोंद करून ती सगळी वर आणेपर्यंत मला खुर्चीतून उठवेना. फार थकलो होतो, त्यामुळेही असेल.