बारा नंबरचे बूट

गेल्या शनिवारी इथे अमेरिकेत, श्रूजबरीजवळच्या एका छोट्या कॉलेजात फुटबॉलची शेवटची मॅच झाली. शेवटची म्हणजे या सीझनची नव्हे… कायमचीच. टीम उभी करायला मुलंच पुरत नाहीत, म्हणून कॉलेजनं खेळ बंद करायचं ठरवलं.

इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर धडकतात, तो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी त्या टीमचा इतिहास मी लिहिलाय.

माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून दोन वर्षं मी त्या कॉलेजच्या लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जाते. पुस्तकं लावते, जुने कागद टाइप करते. उन्हाळ्यात लायब्ररियन मार्थानं सहा खोकी माझ्या टेबलावर ठेवली… यातून बत्तीस पानांची पुस्तिका करायची, शेवटच्या मॅचला वाटायला.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, टचडाउन म्हणजे काय ते तरी माहितीये का तुला?" नव्हतं माहीत.

खोक्यांत स्कोअर होते, कात्रणं होती, फोटो होते. पहिली टीम आसपासच्या शेतांवरच्या मुलांची. मग महायुद्धात मॅचेसच नाहीत. नंतर एक अख्खा सीझन हरलेला आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ सगळ्या मॅचेस जिंकलेल्या… वाचता वाचता मी त्यात रमले.

सप्टेंबरमध्ये वॉल्ट आले. सत्तरी ओलांडलेले, उंच, वाळलेले, हातात काठी. साठच्या दशकाच्या अखेरीस चार वर्षं या टीमकडून खेळले होते. "नुसतं वॉल्ट म्हण," असं त्यांनी बजावलं, पण माझ्या तोंडून 'मिस्टर वॉल्ट'च निघायचं.

"मी आहे का त्यात?" त्यांनी खोक्यांकडे बोट दाखवून विचारलं.

मी शोधलं. ते नव्हते. त्या वर्षांचे टीमचे फोटो कधीतरी पाणी शिरून गेले होते. एक कात्रण तेवढं मिळालं… बॉल घेऊन पळणारा एक मुलगा, त्याचं नाव, आणि त्याच्यामागे कुणाची तरी पाठ.

"ही पाठ बहुतेक माझी," ते म्हणाले. तक्रार नव्हती, माहिती दिल्यासारखं. घर विकून डिसेंबरात ते मुलीकडे ॲरिझोनाला कायमचे जाणार होते. सात नातवंडं, आणि आजोबा फुटबॉल खेळायचे यावर एकाचाही विश्वास नाही.

रात्री जेवताना मी लेकीला विचारलं, चार वर्षं खेळूनही त्यांचं नाव कुठेच कसं नाही? "आई, ही वॉज अ लाइनमन," ती म्हणाली. "दे जस्ट ब्लॉक. बॉलवाल्याला रस्ता करून द्यायचा. त्यांचं कोणी काही लिहीत नाही."

मला हे पटेना. नागपूरला माझे बाबा रविवारी क्लबच्या क्रिकेट मॅचेसचा स्कोअर लिहायचे. एखाद्याची बॅटिंग आली नाही तरी त्याचं नाव लिहायचंच, पुढे 'डिड नॉट बॅट'. मैदानात उतरलेला माणूस कागदावर नाही, हे बाबांना चाललंच नसतं.

मी मार्थाला म्हटलं, सगळ्यांची नावं छापू या. "नावं आण, मी पानं देते," ती म्हणाली.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी तीन जाड रजिस्टरं निघाली. टीमचं सामान वाटल्याच्या नोंदींची. दर वर्षी प्रत्येक खेळाडूचं नाव, जर्सीचा नंबर, बुटांचं माप, परत केल्याची खूण… अगदी सुरुवातीपासून. वॉल्ट चारही वर्षं होते. जर्सी त्रेसष्ट, बूट बारा.

तीन आठवडे मी नुसती ती यादी टाइप करत होते. पुस्तिका छापून आली तेव्हा लक्षात आलं, बुटांच्या मापाचा कॉलम काढायचा राहून गेला होता! सहाशेच्या आसपास नावं, प्रत्येकापुढे पायाचं माप. "इतिहास सांगून चपलांच्या दुकानाचं कॅटलॉग काढलंस की," नवरा म्हणाला. मला रडू यायचंच बाकी होतं.

शनिवारी कडाक्याची थंडी होती. स्टँडमध्ये ब्लँकेटं गुंडाळून बसलेले म्हातारे खेळाडू. माझा इतिहास कुणी वाचला नाही, सगळ्यांनी शेवटची पानं उघडली. "नऊ? तुझा पाय नऊचा? मुलीचे बूट घालून खेळत होतास होय रे?" असं मागून पुढून सुरू झालं. स्कोअरबोर्डकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

वॉल्टना त्यांचं नाव सापडलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

मग हळूच म्हणाले, "माझा पाय दहाचा. पहिल्या दिवशी मी रांगेत शेवटचा होतो, बाराचेच उरले होते. बदलून मागायची लाज वाटली. चार वर्षं पुढे वर्तमानपत्र कोंबून खेळलो… हे बायकोलाही माहीत नव्हतं."

मी म्हटलं, पेनानं दुरुस्त करून देऊ का?

"अजिबात नको. नातवंडांना हेच दाखवणार." पुस्तिका त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि काठीनं मैदान दाखवलं. "आता मॅच बघ. बॉलकडे बघू नकोस, सगळे तिकडेच बघतात. ते मधले पाच जण बघ."

मी बघत राहिले. पाच मुलं वाकायची, धडकायची, पडायची, उठून पुन्हा ओळीत यायची. बॉल कुठे गेला ते मला कळत नव्हतं. आमची टीम हरली, ते नंतर लेकीनं सांगितलं.

कुठे बघायचं, एवढंच त्यांनी मला शिकवलं. इतकी वर्षं या देशात राहून ते मला कुणी सांगितलं नव्हतं… थँक यू, मिस्टर वॉल्ट.