वाफ सोडणारी मनुबाई

बोरगावच्या रस्त्याला आमचा चटणीचा, म्हणजे लाल तिखटाचा, कारखाना आहे. कारखाना म्हणायला मलाच थोडी लाज वाटते. कांडपाचे दोन डंक, एक चाळण आणि मिरची वाळवायची एक खोली, संपला कारखाना. पण त्या खोलीचा रुबाब असा, की मालक मी असलो तरी मनुबाईला विचारल्याशिवाय मला आत पाऊल टाकता येत नाही.

मनुबाई वडिलांच्या वेळेपासूनची. शेतकरी मिरची उन्हात वाळवून आणतात, तरी ती कांडायला हवी तेवढी कडक नसते. मग ती खोलीत पसरायची, बाहेरच्या भट्टीत लाकडं सारायची आणि थोड्या थोड्या वेळानं दार उघडून आतली वाफ बाहेर सोडायची. "वाफ कोंडली की मिरची काळी पडती," हे तिचं वेदवाक्य. पदर नाकाला लावून ती आत शिरायची, मूठभर मिरच्या कानाशी हलवायची आणि बिया खुळखुळल्या तरच माल डंकाकडं जायचा. मी घाई केली तर मलाही झापायची.

गेल्या हिवाळ्यात तिचा खोकला बसेना. निपाणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुराचं काम सोडा, नाहीतर छाती हातची जाईल. मी म्हटलं, आक्का, आता घरी बसा. त्यावर तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. लेक-सून चांगले आहेत, खायची ददात नाही. पण घरात बसून भिंतीकडं बघणं तिच्या रक्तात नाही. भट्टी राहिली तर मनुबाई जाणार, हे उघड होतं आणि ते मला फार लागत होतं.

म्हणून हीट पंप आणला. बेळगावची सौम्या नावाची इंजिनिअर आली होती. तिनं सांगितलं, घरातला फ्रीज मागून गरम लागतो ना, तीच करामत इथं कामाला लावलीय. नुसत्या हीटरपेक्षा वीज निम्म्याहून कमी, आणि धूर मुळीच नाही. महिनाभर चालवून बघा, पटलं नाही तर परत नेते म्हणाली. मनुबाईनं मशीनला हळदकुंकू लावलं. हे टिकलं तर आपण टिकू, एवढं तिला नेमकं कळलं होतं. त्या दिवसापासून ती लेकराला जपावं तशी त्याला जपू लागली.

आणि मिरची काही वाळेना. सकाळी घातलेली संध्याकाळी वातडच. मशीन दिवसभर घरघरायचं, विजेच्या मीटरचा आकडा चढायचा, बिया मुक्याच. माझं डोकं मुळात तापट. फोनवर सौम्याला नको नको ते बोललो आणि वर सांगितलं, उद्या येऊन तुमचा डबा उचला.

ती आली. वाद घातला नाही, खोलीसमोर स्टूल घेऊन बसली. थोड्या वेळानं मनुबाई उठली, दार सताड उघडलं, वाफ सोडली, लावून घेतलं. आणखी थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी हे रोज बघत होतो, पण मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सौम्यानं हळूच विचारलं, आजी, दार कशाला उघडता?

"वाफ कोंडली की मिरची काळी पडती," मनुबाई म्हणाली. "मशीन नवं हाय, जरा हातभार लावतोय."

सौम्या तिला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं एका नळीतून बादलीत थेंब थेंब पाणी पडत होतं. मिरचीतला ओलावा इथं पाणी होऊन निघतो आणि त्याची ऊब मशीन पुन्हा खोलीत पाठवतं, असं तिनं समजावलं. दार उघडलं की ती सगळी ऊब रस्त्यावर.

मनुबाई बादलीकडं बघत राहिली. "म्हंजे मीच घालवत हुतो व्हय?" आणि मग माझ्याकडं वळून, "वाफच सोडायची न्हाय, तर अण्णा, मी हितं कशाला?"

 त्या दिवशी दार बंद ठेवलं. मनुबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती, तेवढीच काय ती करमणूक. संध्याकाळी खोली उघडली तेव्हा मी आधी तिला आत पाठवलं. मिरची लालभडक होती. तिनं मूठ कानाशी नेली, हलवली, दुसऱ्या ट्रेमधली घेतली, पुन्हा हलवली. बिया चांगल्या वाजत होत्या. खालच्या कोपऱ्यातला एक ट्रे तेवढा मुका निघाला, तो तिनं परत सारला.

"आक्का," मी म्हटलं, "हे कोण सांगणार? माझ्या कानाला सगळ्या सारख्याच."

तिनं डोळे पुसले. धूर नव्हता, त्यामुळे सबबही नव्हती.

भट्टी आम्ही मोडली. खोकला पुरता गेलेला नाही, पण रात्री झोप लागते म्हणते. बिया वाजल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, "दाराला कुलूप आणा, आन किल्ली तुमच्यापाशी ठेवा. माझ्या हाताचा भरवसा न्हाय." कुलूप मी आणलं. किल्ली तिच्याच कमरेला आहे.