दाखवायचं घर

शिवणकाम करणाऱ्या मावशींचं घर सरकारने परदेशी बातमीदारांना दाखवण्यासाठी निवडलं, कारण अख्ख्या इमारतीत त्यांच्याच खिडक्यांच्या काचा शाबूत होत्या. युद्धातही लोक कसे मजेत आहेत, हे जगाला कळायला हवं होतं. पाहुणे येण्याआधी माहिती खात्याचे साहेब फळं, लोणी, साखर आणून फ्रिज भरत आणि पाहुणे गेले की उरलंसुरलं उचलून नेत. साखर तेवढी मावशी दरवेळी थोडी डब्याच्या तळाशी विसरत.

दुभाषीही साहेबच. उत्तरं ठरलेली. "मुलगा कुठे आहे?" "आघाडीवर. मजेत आहे." मुलाचं शेवटचं पत्र आलं त्याला अख्खा हिवाळा उलटला होता. चौकशीला गेलं, तर आपला एकही जवान शत्रूच्या हाती लागलेला नाही, एवढंच खात्यात ऐकवत. मावशींचा जीव टांगणीला लागला होता आणि चेहरा मात्र मजेत ठेवायचा होता.

भिंत ओकीबोकी दिसते म्हणून मुलाचा फोटो तिथे साहेबांनीच लावायला लावला होता. मागच्या खेपेला एक उंच बातमीदार त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसला होता.

आज तोच परत आला. मध्यंतरी तो शत्रूच्या मुलखातही फिरून आला, असं साहेब जिन्यातच कुरकुरले होते. खुर्चीवर बसण्याआधी तो फोटोपाशी गेला. फोटोवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या डोळ्यांवर. डावा हात गळ्यात बांधल्यासारखा धरून दाखवला, हसला आणि भरभरून बोलत सुटला.

मावशींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घसा खाकरला.

"चहा फार छान झालाय, म्हणतात."

चहा अजून शेगडीवर होता. कपसुद्धा मांडलेले नव्हते. ते साहेबांच्याही ध्यानात आलं, आणि ते रुमालाने कपाळ पुसू लागले.

"त्यांना विचारा," मावशी हळूच म्हणाल्या, "जेवायला मिळतं का त्याला?"

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, आणि विचारलं. बातमीदाराने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"आवडलाय त्यांना," साहेब म्हणाले. "चहा."

"बरं झालं बाई," म्हणत मावशी स्वयंपाकघरात गेल्या आणि टॉवेलात तोंड खुपसून ढसाढसा रडल्या. तोवर चहा उतू गेला. त्यांनी नवं आधण ठेवलं, डब्याच्या तळाची सगळी साखर त्यात ओतली, आणि पहिला कप साहेबांना दिला.