काळ्या तबकडीतला माणूस

एकाहत्तरच्या लढाईनंतर माझ्या थोरल्या भावाची ट्रंक घरी आली, भाऊ आला नाही. 'बेपत्ता, बहुधा ठार' असं सरकारनं कळवलं होतं. त्या 'बहुधा'नं आमच्या घराचं काय करून ठेवलं, ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. मेला म्हणा, नाहीतर जिवंत आहे म्हणा. बहुधा म्हणजे काय? बहुधा कुणी रडतं का?

ट्रंकेत कपडे होते, स्वेटर होता, दाढीचं सामान होतं आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी काळी तबकडी होती. विलायती गाण्यांची. कव्हरवर अर्धवट उघडं दार, आत नुसता अंधार, बाकी एक अक्षर नाही. आमचा भाऊ तमाशाचा शौकीन, त्याच्याकडे ही बला कुठून आली? आबांनी, म्हणजे वडिलांनी, विषय एका वाक्यात मिटवला. तेही पलटणीतून पेन्शनवर आलेले. मेसमध्ये ड्युटी असेल, दिली असेल कुणा साहेबानं, म्हणाले. वहिनीला ते पटेना. इंग्रजी न कळणाऱ्या माणसानं ती एवढी जपून ठेवली, म्हणजे तिच्यात काहीतरी असलंच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं. मी तेव्हा कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात होतो, शनिवारी एसटीनं कडेगावकडे गावी यायचो. एकदा दप्तर खाली ठेवायच्या आत ती म्हणाली, "भावजी, तुमी शिकताय. ह्यात काय गोष्ट हाय, ती मला सांगा."

माझं इंग्रजी म्हणजे पुस्तकातल्या पंपापुरतं. पण नाही कसं म्हणणार? चुलतभाऊ लग्नात स्पीकर लावायचा, त्याच्याकडून मशीन मागून आणलं. पहिल्यांदा त्यानं ते लग्नातल्या तबकड्यांच्या स्पीडवर सोडलं, तर आतला गायक बोकडासारखा ओरडायला लागला. वहिनी कितीतरी दिवसांनी हसली. मग स्पीड कमी केला, आणि हसू तिथंच थांबलं.

त्याआधी एक गोष्ट झाली होती. खंडेनवमीला आमच्यात हत्यार, अवजार, यंत्र, जे म्हणून घरात असेल ते पुजतात. त्या वर्षी आईनं भावाची ट्रंकच पुजली. आतली एकेक वस्तू पाटावर मांडली, प्रत्येकीला ओलं हळदकुंकू लावलं. तबकडीच्या मधल्या कागदावर तर दोन्ही बाजूंनी बोटं भरून लावलं, मुलाची वस्तू ना ती. ते वाळल्यावर मी नखानं खरवडलं, तसा कागदही निघून आला. पहिली बाजू कोणती आणि दुसरी कोणती, हे कळायला काही मार्गच राहिला नाही. जी बाजू वर आली ती आम्ही आधी लावली, आणि पुढं कायम त्याच क्रमानं ऐकत गेलो.

घरचे सगळे उसात गेले की भर दुपारी सोप्यात मशीन लागायचं. बाहेर लख्ख ऊन आणि आत हे सगळं. ढोल असे वाजायचे की वाटावं, जमिनीखाली कुणीतरी खणतंय. गिटार कण्हायची. मग एक माणूस गाणं सोडून पुटपुटायला लागायचा. अंधार, पाणी, हात दिसत नाही, असले तुटक शब्द मला कळायचे. शेवटी सगळं बंद पडायचं आणि बराच वेळ नुसतं पाणी ठिबकायचं. ती बाजू तिथं संपायची. दुसऱ्या बाजूला एक बाई घर, दिवा, भाकरी असलं काहीतरी गात त्याला हाका मारायची. शेवटी खडीवरून चालणारी पावलं यायची, आणि दार लागायचं.

आम्ही अर्थ लावला तो असा. माणूस कुठंतरी अंधारात अडकलाय, पाण्यात, भुयारात, देव जाणे कुठं. बायको हाका मारतेय. तो त्या हाकेच्या रोखानं चालत येतो, घरात शिरतो, दार लावून घेतो. शब्द मी जुळवायचो, पण खरा अर्थ वहिनीनंच लावला होता. "आला बघा," पावलं वाजली की ती म्हणायची.

आईच्या कानावर ते आम्ही पडू द्यायचो नाही. एकदा ती अचानक शेतातून परत आली आणि उंबऱ्यातच थबकली. त्या पुटपुटण्यात त्यानं 'आई' म्हटलं, असं तिचं म्हणणं पडलं. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, तसं काही नव्हतं. पण तिनं सांगितल्यापासून मलाही ते ऐकू यायला लागलं, त्याला काय करणार? मशीन परत गेलं तरी घर काही मोकळं झालं नाही. भांडी घासता घासता वहिनीचा हात थांबायचा, मान दाराकडे वळायची. कराडला पुलावरून जाताना मीसुद्धा उगाच मागं वळून बघायचो. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

इकडे आई खंगत चालली होती. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. एरवी बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, पण सरकारनंच कळवलंय तर तेवढं थांबायची गरज नाही, असं भटजी म्हणाले होते. आबा तयार होते. आडवी आली ती वहिनी. गोष्टीतला माणूस घरी येतो, ह्यांनी तेवढ्यासाठीच ती तबकडी ठेवली, मी कुंकू पुसणार नाही, असं तिनं सासऱ्याच्या तोंडावर सांगितलं. तिला न्यायला आटपाडीहून तिचा भाऊ आला, त्यालाही तिनं रिकाम्या हातानं परत पाठवलं. विशी नुकती ओलांडलेली पोर, अख्खं आयुष्य त्या दाराच्या आवाजाला टांगून बसलेली. आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, खरं हाय का रं हे? मी म्हणालो, ऐकायला तरी तसंच येतं. त्यांनी भटजींना नको म्हणून कळवलं, पुतळ्याचं तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी वर्गातल्या एका मित्राच्या घरी सांगलीला गेलो. त्याचे वडील डॉक्टर, परदेशात राहून आलेले. दिवाणखान्यात रेडिओग्राम, आणि शेजारच्या चळतीत तेच अर्धवट उघडं दार. मी ती चळतीतून ओढून काढली. ह्या तबकडीवरचा कागद मात्र स्वच्छ होता. मित्रानं पहिली बाजू लावली आणि ती बाई गायला लागली.

मी पोह्यांची बशी हातात धरून तसाच बसलो. बाईच्या हाका आधी, मग पावलं, मग दार. ती पावलं येणाऱ्याची नव्हतीच, जाणाऱ्याची होती. त्यानं दार बाहेरून ओढून घेतलं होतं. दुसरी बाजू म्हणजे अंधार, पाणी आणि शेवटचं ते ठिबकणं. "पुढं?" मी विचारलं. मित्र म्हणाला, "पुढं काय? तो मरतो रे. सगळ्यांना माहीत आहे ती गोष्ट." त्याच्या कानफटात मारावी असं वाटलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

एसटीत सारखं मनात येत होतं, सांगू नये. कुणाचं काय बिघडतंय? मग आईचं तोंड डोळ्यांपुढं आलं, आणि वहिनीचं दाराकडे वळणंही. दुपारी घरी पोचलो. ती गोठ्यात वैरण टाकत होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बाजू उलट्या लागल्या होत्या, तो घरी येत नाही.

ती रडली नाही. हातातली पेंढी सोडवत राहिली. मग विचारलं, "आन त्या बाईला कुणी सांगितलं?"

मला कळेना. म्हणालो, कुणीच नाही. तिची गाणी पहिल्याच बाजूला आहेत, पुढं ती येतच नाही.

"म्हंजे ती बसलीया अजून," वहिनी म्हणाली. हात झटकले, डोक्यावर पदर घेतला आणि थेट आबांपुढं जाऊन उभी राहिली. भटजींना सांगावा धाडा, म्हणाली. मी गोठ्यातच बसलो आणि पोटभर रडलो. भाऊ माझ्यापुरता त्या दुपारी मेला.

पळसाच्या पानांचा पुतळा नदीकाठी नेला. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. वहिनी मागोमाग चालत आली, आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. आमच्या घरात बाहेर निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, या म्हणतात. भाऊ सुट्टी संपवून निघायचा तेव्हा आजूबाजूच्या बायकाही दारात येऊन या, या म्हणायच्या. आबांनी पानांना अग्नी दिला. वहिनी जवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जावा आता. माझी वाट बघून झाली."